अभिनंदन विभाग आणि ओला टॉवेल

घरातल्या माणसांना फसवायचं, असं मी एका सकाळी दात घासता घासता ठरवलं. निर्णय तसा छोटासाच होता. (मोठे निर्णय आमच्याकडे बायको घेते; दात घासतानाचे तेवढे माझ्या वाट्याला येतात.) हेतू मात्र अत्यंत उदात्त होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात कारकून आहे. कुठल्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर अडकलंय ते लिहून घ्यायचं, मेकॅनिकला पळवायचं आणि तो पोचेपर्यंत अडकलेल्याला फोनवरून धीर द्यायचा, हे माझं काम. मध्यंतरी आमच्या कॅशियरला एक ईमेल आला. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, सोडवण्यासाठी इथे दाबा.' त्याने दाबलं. (आमच्या धंद्यात कुणी अडकलंय म्हटलं की सोडवायला धावायचं, ही सवयच लागलेली असते.) पार्सल काही सुटलं नाही, उलट अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर अडकले.

यावरून धडा घेऊन साहेबांनी कॉम्प्युटर विभागाकरवी आमची गुपचूप परीक्षा घेतली. सगळ्यांना एक खोटा ईमेल पाठवला. 'पगारवाढीची यादी पाहण्यासाठी इथे दाबा.' आता न दाबणारा माणूस पगारावर काम करत नसला पाहिजे. सगळ्यांनी दाबलं. साहेबांनी स्वतःही दाबलं, अशी कुजबुज होती. आणि ती यादी तर तेच करतात! संपूर्ण ऑफिसात फक्त एका माणसाने दाबलं नाही. तो मी.

(त्या आठवड्यात मी माझा पासवर्ड विसरलो होतो आणि नवा मागायची लाज वाटत होती, म्हणून ईमेल उघडलाच नव्हता. पण हे मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.)

झालं! साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं, 'सायबर दक्षता प्रमुख' असं पद दिलं आणि छातीवर लावायला एक बिल्ला दिला. अंगावर मूठभर मांस चढलं. मी तो बिल्ला लावूनच घरी आलो, लावूनच जेवलो, लावूनच बातम्या पाहिल्या.

"आंघोळीला जाताना तरी काढा," बायको म्हणाली.

"अगं, तुला गंमत वाटते. पण या घरात एकूण चार ईमेल खाती आहेत आणि चोर एका क्लिकच्या अंतरावर उभा आहे."

"दाराला कडी लावलीय मी."

बघा, हे असं अज्ञान! म्हणूनच दुसऱ्या दिवशी दात घासताना मी तो निर्णय घेतला. ऑफिसने जशी आमची परीक्षा घेतली, तशी मी घरच्यांची घ्यायची. खोटे ईमेल पाठवायचे, कोण फसतंय ते पाहायचं आणि रात्री जेवणानंतर त्यावर मार्गदर्शन करायचं.

आमच्या घरात माणसं चार. मी, बायको, कॉलेजात जाणारी कन्या आणि आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई. पहिला बाण सासूबाईंवर सोडला, कारण त्या फसतील याची खात्री होती. 'आपलं पार्सल अडकलं आहे.' सासूबाई पाच मिनिटांत माझ्यापुढे हजर.

"जावईबापू, माझं पार्सल कुठेतरी अडकलंय म्हणे. जरा जाऊन सोडवून आणता का?"

"आई, तो ईमेल खोटा असू शकतो."

"खोटा कसा असेल? किती अदबीने लिहिलंय! 'आदरणीय ग्राहक' म्हणालाय. या घरात मला कोण आदरणीय म्हणतं?"

आता मीच पाठवलाय हे सांगायची सोय राहिली नाही. मी मुकाट्याने चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच्या खिशातून एक स्वेटर घेतला, कागदात गुंडाळला आणि आणून दिला. सासूबाई खूश. तेव्हापासून त्या रोज सकाळी ईमेल उघडून आणखी काही अडकलंय का ते बघतात.

कन्येने माझा ईमेल वाचून, "बाबा, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तुमचा जन्मदिनांक आहे," एवढंच म्हटलं आणि ती पुन्हा मोबाईलमध्ये शिरली. उरली बायको.

आमची बायको एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. तिचा आवाज काय वर्णावा! दुखणाऱ्या माणसाचं अर्धं दुखणं त्या 'नमस्कार'नेच थांबत असेल. (हा आवाज बाहेरच्या लोकांसाठी. घरासाठी दुसरा आहे, तो पुढे येईलच.) पहिल्या वेळी ती फसली. 'अभिनंदन! आपण मिक्सर जिंकला आहात' यावर तिने दाबलं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'फसलात! आपला हितचिंतक.' हे पान मी स्वतः तयार केलं होतं. त्या रात्री जेवणानंतर मी हातात लाटणं घेऊन भिंतीवर लावलेल्या नियमांच्या कागदाकडे बोट दाखवत तासभर बोललो.

"पहिलं म्हणजे पत्ता बघायचा. नाव कुणीही काहीही लावेल, खरा पत्ता त्यामागे असतो. दुसरं, जो तुम्हाला नावाने हाक मारत नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक' म्हणतो, तो तुमचा कुणी नव्हे. जो घाई करतो, 'आत्ताच्या आत्ता, नाहीतर संधी गेली' म्हणतो, त्याच्यापासून तर दहा हात लांब. लिंकवर दाबायचं नाही, आधी तिच्यावर नुसता बाण नेऊन ती कुठे जातेय ते वाचायचं. ओळखपत्र, खातं, पासवर्ड मागितला की समजायचं, चोर. आणि एवढं करूनही शंका आली, तर त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा."

"लाटणं खाली ठेवा, पीठ सांडतंय," बायको म्हणाली.

पण विद्यार्थिनी हुशार निघाली. पुढच्या मिक्सरला ती फसली नाही, फुकट सहलीला फसली नाही, वारशाने मिळालेल्या बंगल्याला तर नाहीच नाही. मी पत्ते बदलले, नावं बदलली, तरी ती ओळखायची. मी विचारलं, कसं? तर म्हणाली, "ईमेल आला की तुम्ही दाराआडून बघत उभे असता."

मग तर तिने त्या खोट्या ईमेलना उत्तरंच द्यायला सुरुवात केली. 'अभिनंदन विभागास, बंगला मिळाला, आभारी आहे. येताना दूध आणि बाथरूमचा बल्ब आणा.' मी घरी बल्ब घेऊन जायचो आणि वर म्हणायचो, "कसला ईमेल? मी काही पाठवला नव्हता." कबूल करायचं नाही, हा माझा नियम होता, चोर कधी कबूल करतो का? हळूहळू ती आमच्या संसाराची रीतच झाली. मी तिला लॉटरी लावायची, तिने मला कामाला लावायचं.

याच सुमारास आमच्या शहरातल्या बसकंपनीने जाहिरात दिली. नव्या बसगाड्यांमध्ये पुढचा थांबा कुठला ते सांगायला आवाज हवा होता. बायकोने ती जाहिरात कापून आरशाच्या कडेला खोचून ठेवली. दोन-तीन दिवस नुसती बघायची. एका संध्याकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, "इतकी वर्षं मी 'थांबा, जोडून देते' एवढंच म्हणतेय. तेही पूर्ण व्हायच्या आत लोक दुसऱ्याशी बोलायला लागतात. मला एकदा पूर्ण वाक्य बोलायचंय हो. आणि सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं."

संसाराला इतकी वर्षं झाली, आणि हिला पूर्ण वाक्य बोलायचंय हे मला माहीत नव्हतं. (माझ्याशी तर ती बरीच पूर्ण वाक्यं बोलते, पण ती शेवटपर्यंत ऐकली जातात असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.)

आवाजाचा नमुना आम्ही कपड्यांच्या कपाटात रेकॉर्ड केला, कारण घरात शांतता फक्त तिथेच असते. बायको आत, गोधड्यांमध्ये. मी बाहेरून दार धरून, श्वास रोखून. कन्या वरच्या मजल्यावर जाऊन तिथल्या माणसाचं ड्रिल मशीन बंद करून आली. सासूबाईंना शिंक आली, ती त्यांनी उशीत दाबली. 'पुढील थांबा, मुख्य टपाल कार्यालय. कृपया उतरणाऱ्यांना वाट द्या.' कपाटातून असा काही आवाज आला, की मी अभावितपणे बाजूला सरकून वाट दिली. नमुना पाठवला, आणि मग वाट बघणं सुरू झालं. ती दिवसातून कितीदा ईमेल उघडायची, आणि दर वेळी चेहरा कसा पडायचा, हे मी रोज बघत होतो.

एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर दिवाणखान्यात सोफ्यावर माझी उशी आणि चादर ठेवलेली. बायको स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा. मी बिल्ला काढून खिशात ठेवला.

"काय झालं?"

तिने आणखी एक पातेलं आदळलं.

"अगं, झालं तरी काय?"

"ते तुमच्या अभिनंदन विभागाला विचारा."

"मी आज काहीच पाठवलं नाही!"

"हे तुम्ही दर वेळी म्हणता."

"दर वेळी खोटं म्हणतो. आज खरं म्हणतोय."

"हेही म्हणाला होतात, बंगल्याच्या वेळी."

ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "मिक्सरची थट्टा केलीत, सहलीची केलीत, मी हसले. पण ही एक गोष्ट सोडायची होती. या एका गोष्टीची मी खरोखर वाट बघत होते." आणि तिने मोबाईल माझ्यापुढे आपटला.

ईमेल बसकंपनीच्या नावाने होता. 'अभिनंदन! प्रिय उमेदवार, आपल्या आवाजाची निवड झाली आहे. उद्या दुपारपर्यंत खालील लिंकवर दाबून आपलं ओळखपत्र व बँक खात्याचा तपशील पाठवावा, अन्यथा निवड रद्द समजून पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.'

खाली बायकोने दुपारीच दिलेलं उत्तर होतं. ते इथे जसंच्या तसं देतो. मला तोंडपाठ आहे.

'अभिनंदन विभागप्रमुखांस, लाज वाटत नाही का? उद्या दुपारपर्यंत मी काहीही पाठवणार नाही. तुम्ही मात्र आज संध्याकाळपर्यंत पलंगावर टाकलेला ओला टॉवेल स्वतःच्या हाताने उचला. रोज सांगूनही कळत नाही. आजपासून सोफ्यावर झोपायचं. तिथे घोरा हवं तेवढं. तुमची (सध्या तरी) बायको.'

त्याखाली आणखी एक ईमेल. 'महोदया, आपला ईमेल मिळाला. ओल्या टॉवेलचा संदर्भ आमच्या फाइलमध्ये आढळत नाही. कृपया खुलासा करावा.'

आणि त्याला बायकोचं उत्तर. 'खुलासा घरी या, मग करते.'

मी सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि काय सांगू, छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. नावाने हाक नाही. घाई आहे. लिंक आहे. ओळखपत्र मागितलंय, खातं मागितलंय. पत्ता पाहिला तर बसकंपनीचा नाहीच, भलत्याच कुठल्यातरी नावाचा. एकही खूण सुटलेली नव्हती! इतका परिपूर्ण फसवा ईमेल मला स्वतःलाही कधी जमला नव्हता.

"अगं, हा माझा नव्हे!" मी ओरडलो. "हा खरा चोर आहे! अस्सल! व्यावसायिक! आणि तू त्याला पळवून लावलंस. शाब्बास! माझ्या शिकवणीचं चीज झालं!"

बायको मटकन खुर्चीवर बसली. "म्हणजे तुम्ही थट्टा केली नाहीत?"

"नाही!"

"म्हणजे निवडही झाली नाही."

तिचा राग गेला होता, पण त्या जागी जे आलं त्यापेक्षा राग बरा होता. मला त्या चोरांचा असा संताप आला! माझ्या बायकोला फसवायला निघालेत, आणि तेही तिच्या एवढ्या जिव्हाळ्याच्या जागी हात घालून? मी पोलिसांत जायच्या गोष्टी करायला लागलो. वर्तमानपत्रात माझा बिल्ल्यासकट फोटो येईल, हेही मनात येऊन गेलं.

कन्येने मोबाईलमधून मान वर काढली. "बाबा, तुमचा शेवटचा नियम?"

"कुठला?"

"शंका आली तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. तुमच्या बसच्या पासवर मागे छापलाय त्यांचा नंबर."

"अगं, पण शंका आहेच कुठे? मला खात्री आहे!"

"मग करा की फोन. तुमच्या नावाने चोर फिरताहेत म्हणून सांगा. आभार मानतील तुमचे."

आभार म्हटल्यावर मी पास काढला. फोन स्पीकरवर टाकला, घसा खाकरला, सगळ्यांना जवळ बोलावलं. (सन्मानाचे प्रसंग एकट्याने भोगू नयेत, असं माझं मत आहे.)

"नमस्कार, चौकशी कक्ष," पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला.

"नमस्कार. मी सायबर दक्षता प्रमुख बोलतोय. आपल्या कंपनीच्या नावाने एक टोळी बसमधल्या आवाजाची निवड झाल्याचे खोटे ईमेल पाठवत आहे. माझ्या पत्नीला आज असा ईमेल आला. मी तो पाहताक्षणी ओळखला."

पलीकडे कुणीतरी रिसीव्हरवर हात ठेवल्यासारखा आवाज. मग हात नीट न ठेवल्यामुळे ऐकू आलेली कुजबुज. आणि मग तोच आवाज, पण आता त्यातला कंटाळा पार गेलेला.

"साहेब, एक विचारू का? ते ओल्या टॉवेलवाले आपणच का?"

पायाखालची फरशी सरकली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. कन्या तर जमिनीवर बसूनच हसायला लागली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. आवाज माझा, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा.

"आमच्याकडे सगळ्यांनी वाचलाय हो. डेपोतसुद्धा पोचलाय. निवडीचा ईमेल खरा आहे, साहेब. रेकॉर्डिंगचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय, म्हणून पत्ता त्यांचा आहे. पण आता उशीर झाला असेल. बाईंनी स्वतःच नकार दिला म्हणून निवड करणाऱ्या मॅडम पुढच्या उमेदवाराला कळवणार होत्या. थांबा, जोडून देतो."

खट्. फोनमध्ये संगीत वाजू लागलं.

त्या संगीताइतकं लांब संगीत मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती चालत दारापर्यंत आली होती, आणि दारावर माझ्या शिकवणीचा कुत्रा बांधलेला होता. मी मनातल्या मनात ठरवलं, की मॅडमचे पाय धरायचे, फोनवरून धरता आले तर फोनवरूनच.

"हॅलो?" पलीकडून एक करडा आवाज.

मी तोंड उघडलं. पण बायकोने माझ्या हातातून मोबाईल घेतला, पाठ ताठ केली आणि बोलायला लागली. बाहेरच्या लोकांसाठीच्या आवाजात.

"नमस्कार. ज्या उमेदवाराने आज आपल्याला टॉवेल उचलायला सांगितला, ती मी. तो ईमेल माझ्या नवऱ्यासाठी होता, चुकून आपल्याला आला, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. पण मॅडम, एक सांगते, रागावू नका. तुमच्या पत्रात माझं नाव नव्हतं, पत्ता तुमचा नव्हता, वर उद्या दुपारपर्यंत खात्याचा तपशील मागितला होता. अशा पत्रावर जी बाई विश्वास ठेवेल, तिच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. मला हे काम हवंय. खूप हवंय. ओळखपत्र मी लिंकवर पाठवणार नाही, उद्या सकाळी स्वतः तुमच्या टेबलावर आणून देईन. चालेल का?"

एवढं लांब वाक्य, आणि पलीकडून कुणी मध्ये बोललं नाही. आमच्याकडेही कुणी हललं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "याआधी निवडलेल्या बायकांनी असंच पत्र आल्याबरोबर सगळं पाठवून दिलं. कुणालाच शंका आली नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि हे पत्र मीच लिहिलं होतं. पुढच्या वेळी असं लिहिणार नाही. तुम्ही या उद्या. आणि बाई, एक विनंती. पुढे सरका, दारात उभे राहू नका, असं आमच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये इतकं गोड सांगितलंय की कुणी हलत नाही. तुमचा तो टॉवेलचा सूर आहे ना, तो तेवढा तिथे लावाल का?"

फोन बंद झाला. बायको माझ्याकडे बघत राहिली. मग रडली, मग हसली, मग म्हणाली, "सगळं तुम्ही शिकवलेलंच बोलले हो मी." मी त्या क्षणी ऑफिसचा बिल्ला खिशातून काढून तिला लावायला निघालो होतो, पण तिने टॉवेलची आठवण करून दिली आणि मी आधी तो उचलायला गेलो.

नव्या गाड्या सुरू झाल्या, आणि सगळ्या शहरात आमच्या बायकोचा आवाज घुमू लागला. अभिमान म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी दोन थांबे आधी उतरून पायी जायचो, ते सोडून दिलं आणि मुद्दाम लांबच्या मार्गाने बसने जाऊ लागलो. 'पुढे सरका, दारात उभे राहू नका!' हे शब्द आले की धट्टीकट्टी माणसं शाळकरी मुलांसारखी सरकतात. मी सगळ्यांच्या आधी सरकतो, कारण मला सराव आहे.

परवा शेजारच्या सीटवर एक वयस्क गृहस्थ मांडीवर रोपाची कुंडी घेऊन बसले होते. मला राहवेना.

"आवाज ऐकताय ना? ती माझी बायको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुंडी खिडकीच्या बाजूला घेतली.

"खरंच सांगतो," मी म्हटलं.

"काल मला फोनवर एकजण म्हणाला, मी तुमच्या बँकेचा मॅनेजर. तोही खरंच सांगत होता."

वा! मला भरून आलं. "शाब्बास, काका! अगदी बरोबर. अनोळखी माणसाने ओळख सांगितली, की आधी खात्री करून घ्यायची."

"मग द्या करून," काका म्हणाले.

आजूबाजूच्या चार माना वळल्या. मी ऐटीत मोबाईल काढला, बायकोला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला. तिने उचलला.

"अगं, मी बसमध्ये..."

"अजून बसमध्ये?" बसच्या छतातून येणारा तोच आवाज आता माझ्या हातातून आला. "आई पाहुण्यांना घेऊन कधीच्या बसल्यात! कुठे पोचलात?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाण्याची एक टाकी होती, जी मी जन्मात पाहिलेली नव्हती.

"गेला ना स्टॉप मागे? मी बसमध्ये स्वतः सांगितलं असेल, दोनदा! अख्ख्या शहराला माझं ऐकू येतं, फक्त तुम्हालाच येत नाही. आता मुकाट्याने उतरा, आणि छत्री सीटखाली विसरू नका!"

मी वाकून सीटखालची छत्री काढली. काकांनी कुंडी पुन्हा मांडीवर घेतली, पाय आक्रसून मला वाट दिली आणि समाधानाने मान हलवली.

"पटली खात्री," ते म्हणाले. "आवाज त्यांचाच. आणि नवराही तुम्हीच."